डिसेंबरच्या पत्राचा भलता अर्थ

अमेरिकेतल्या विद्यापीठांचे 'अर्ली' फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतात. एडिसनपासून फ्रीमॉन्टपर्यंतच्या मराठी घरांत, आणि आता पुण्या-मुंबईतल्याही बऱ्याच घरांत, त्या दिवशी सगळे लॅपटॉपभोवती जमलेले असतात. उत्तरे तीन संभवतात. प्रवेश मिळाला, मिळाला नाही, किंवा अर्ज 'डिफर' केला. म्हणजे आज निकाल न देता तो नियमित फेरीच्या अर्जांबरोबर पुन्हा वाचला जाईल आणि मार्चअखेर काय ते कळेल. पहिल्या दोन उत्तरांवर फारशी चर्चा होत नाही. तिसऱ्यावर होते, आणि तिचा निष्कर्ष जवळजवळ ठरलेला असतो: "हा सभ्य नकारच समज." पाठोपाठ दुसरे वाक्य येते: "इथे झाले नाही, म्हणजे त्या तोडीच्या बाकीच्या ठिकाणीही आता कठीणच."

या दोन वाक्यांचे खंडन करायचे आहे. पहिले अर्धवट खरे आहे, म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले. दुसरे साफ चुकीचे आहे, आणि खरे नुकसान तेच करते. ते ऐकून सतरा वर्षांचे मूल, उरलेले अर्ज लिहायला जेमतेम दोन आठवडे हाताशी असताना, लिहिणेच थांबवते. नाहीतर घाबरून वीस ठिकाणी एकाच साच्यातले अर्ज टाकते.

वादाच्या आपल्या जुन्या शिस्तीप्रमाणे आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. 'सभ्य नकार' म्हणणाऱ्यांजवळ आकडे आहेत. 2023 च्या हिवाळ्यात हार्वर्डकडे अर्ली फेरीत 7,921 अर्ज आले आणि 692 जणांना प्रवेश मिळाला. थेट नकार थोड्यांनाच गेला. शंभरातले ऐंशीहून जास्त अर्ज डिफर झाले. त्या वर्षीचे दोन्ही फेऱ्यांचे मिळून अर्ज होते 54,008 आणि प्रवेश 1,937. वजाबाकी केली की नियमित फेरीच्या वाट्याला 1,245 प्रवेश उरतात. त्यांच्यावर हक्क सांगायला नवे 46 हजार अर्ज आणि डिसेंबरात मागे ठेवलेले साधारण साडेसहा हजार. सरासरी काढली तर शंभरामागे अडीचसुद्धा भरत नाहीत. दुसरा युक्तिवाद असा, की माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुले अशा काहींना तोंडावर 'नाही' म्हणणे विद्यापीठाला जड जाते आणि डिफरल हा त्यातला मऊ मार्ग असतो. तिसरा तर अगदी घरगुती शहाणपणाचा: खरोखर हवा असता तर आताच घेतला नसता का?

यातला एकही मुद्दा मी उडवून लावत नाही. हार्वर्डपुरता हिशेब तर वर मीच करून दाखवला. पण तो हिशेब हार्वर्डचा आहे, हे विसरले की घोटाळा सुरू होतो. त्याच हिवाळ्यात येलकडे 7,856 अर्ज आले. 709 जणांना प्रवेश मिळाला, साधारण 70 टक्क्यांना सरळ नकार गेला आणि फक्त 20 टक्क्यांच्या आसपास अर्ज डिफर झाले. दोन विद्यापीठे, अर्जांची संख्या जवळजवळ तेवढीच, अर्जदारही बरेचसे एकाच तोडीचे. तरी एकाने ऐंशीहून अधिक टक्के मुलांना थांबवून ठेवले आणि दुसऱ्याने विसांना. येलचे डिफरल म्हणजे सत्तर टक्क्यांना वगळल्यावर मुद्दाम बाजूला राखून ठेवलेला अर्ज. तो नकार म्हणायचा, तर ज्या सत्तर जणांना खरोखर नकार गेला त्यांना काय म्हणायचे?

इतर ठिकाणची रीत आणखी वेगळी. जॉर्जटाउन अर्ली फेरीत कुणालाच नाकारत नाही. ज्यांना घेतले नाही ते सगळे आपोआप वसंतातल्या फेरीत जातात. स्टॅनफर्डचे धोरण याच्या उलट टोकाला: शक्यतो त्याच फेरीत अंतिम निर्णय द्यायचा, फार थोड्यांना थांबवायचे. एमआयटीने त्याच वर्षी 12,563 अर्ली अर्जांतून 661 मुले निवडली आणि जवळपास दोन तृतीयांश अर्ज पुढे ढकलले. तेव्हा 'डिफर झालो' या बातमीवर पहिला प्रश्न 'कुठे?' हाच असायला हवा. तो न विचारता अर्थ सांगणारा माणूस कितीही अनुभवी असो, तो अंदाजाने बोलतो आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. "हार्वर्डने थांबवले, म्हणजे प्रिन्स्टन, एमआयटी, कॉर्नेलही अवघड झाले." न्यायशास्त्रात हेत्वाभासांची मोजदाद 'सव्यभिचार' या दोषापासून सुरू होते. तर्कसंग्रह शिकलेल्यांना त्याचे नेहमीचे उदाहरण आठवेल: पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत जाणता येण्याजोगा आहे. जाणता येणे हा गुण अग्नी असलेल्या स्वयंपाकघरातही असतो आणि अग्नी नसलेल्या तळ्यातही. जो हेतू, म्हणजे दिलेले कारण, साध्य असले तरी असतो आणि नसले तरी असतो, तो काहीच सिद्ध करत नाही. 'हार्वर्डने डिफर केले' हा हेतू नेमका याच जातीचा. मार्चमध्ये ज्यांना इतरत्र चांगले प्रवेश मिळतात त्यांच्या खात्यावरही तो असतो, आणि ज्यांना मिळत नाहीत त्यांच्याही. शंभरातल्या ऐंशींच्या बाबतीत जे घडते, त्यावरून त्या ऐंशींतल्या एकाबद्दल काय कळणार?

कुणी म्हणेल, काहीतरी कळतेच की; वरच्या आठ-नऊ टक्क्यांत तो नव्हता, हे कळले. बरोबर. पण त्या आठ-नऊ टक्क्यांत खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुले असतात, विद्यापीठाशी घराण्याचे नाते असलेली मुले असतात. एडिसनच्या किंवा कोथरूडच्या मुलाने त्यांत असण्याची शक्यता अर्ज भरतानाही फारशी नव्हती. जे घडण्याची शक्यता ऐंशी-नव्वद टक्के होती ते घडले, तर आपला अंदाज किंचित हलायला हवा. घराघरांत तो धाडकन कोसळतो, कारण मुळात तो फुगवून ठेवलेला असतो. शाळेतले पहिले नंबर, शिक्षकांची शाबासकी, मंडळाच्या कार्यक्रमातले कौतुक यांच्या जोरावर 'याचे होणारच' असे धरून चाललेले असते. शक्यता ऑगस्टमध्ये जेवढी होती जवळजवळ तेवढीच डिसेंबरातही आहे. चूक ऑगस्टमधल्या अंदाजात होती, आणि तिची शिक्षा जानेवारीतल्या अर्जांना मिळते.

हा चुकीचा अर्थ मराठी पालकांच्या मनात इतका सहज का बसतो, याचे कारण मला आपल्या प्रवेशपद्धतीत दिसते. आजचे आईवडील गुणवत्ता यादीवर वाढलेले आहेत. बारावीचे किंवा सीईटीचे गुण, त्यावरून क्रमांक, क्रमांकावरून महाविद्यालय. कॅप राउंडचे 'फ्रीझ' आणि 'बेटरमेंट', आयआयटीच्या जोसामधले 'फ्लोट' आणि 'स्लाइड' हे शब्द घरातल्या आजीलाही ठाऊक असतात. त्या व्यवस्थेत एका महाविद्यालयाच्या यादीत नाव लागले नाही, तर तेवढ्याच किंवा वरच्या कट-ऑफच्या दुसऱ्या महाविद्यालयात ते लागणार नाही, हे अनुमान अचूक ठरते. कारण दोन्हीकडे यादी एकच असते. अमेरिकेत ती सामाईक यादीच नाही. आपले अनुमान तिकडे नेले की त्याचा आधार इथेच राहतो.

या विषयाला गणितातही एक सुंदर पूर्वेतिहास आहे. 1962 साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य यांवर एक छोटा शोधनिबंध लिहिला. त्यांची पद्धत अशी: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करावा. महाविद्यालयाने आपल्या क्षमतेइतकी सर्वांत चांगली नावे तात्पुरती धरून ठेवावीत आणि बाकीच्यांना नाही म्हणावे. नाकारलेल्यांनी दुसऱ्या पसंतीकडे जावे. तिथे नव्या-जुन्या अर्जांची पुन्हा तुलना व्हावी. कुणीच पुढे सरकायचे उरले नाही, की तात्पुरते धरलेले सगळे कायम करावेत. स्वीकार शेवटापर्यंत लांबणीवर टाकल्यामुळेच निकाल स्थिर राहतो: कोणताही विद्यार्थी आणि कोणतेही महाविद्यालय यांना आपापला वाटा सोडून एकमेकांकडे जावेसे वाटेल, अशी जोडी उरत नाही. शेपली यांना 2012 मध्ये आल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल त्याआधी चार वर्षे वारले होते. अमेरिकेत डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणाच्या जागा याच जातीच्या पद्धतीने भरतात, आणि 2015 पासून जोसाचे जागावाटपही.

त्या व्यवस्थेत 'धरून ठेवले' ही चांगली बातमी असते, कारण तुम्हाला धरून ठेवणाऱ्याला सगळ्यांची पसंती आणि सगळ्यांची क्षमता एकाच यंत्रात दिसत असते. पदवीच्या प्रवेशांना अमेरिकेत असे मध्यवर्ती यंत्र नाही. प्रत्येक विद्यापीठ आपापल्या दालनात, दुसऱ्याकडे काय चालले आहे हे न पाहता निवड करते. म्हणून डिफरलला गेल-शेपलींच्या पद्धतीतली आशाही चिकटवू नये आणि गुणवत्ता यादीतली निराशाही.

मग आत काय चालते? याबद्दल पूर्वी सगळा कानोकानी कारभार होता. 2018 च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या संघीय न्यायालयात हार्वर्डच्या निवडपद्धतीवर खटला चालला, तेव्हा पुष्कळ कागदपत्रे उघड झाली. अर्जदाराला अभ्यास, अभ्यासेतर काम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा बाजूंनी 1 ते 6 अशा श्रेणी दिल्या जातात, 1 सर्वांत वरची. जवळपास चाळीस जणांची समिती बसते आणि मत घेते. शेवटी निवडलेली नावे जागांपेक्षा जास्त झाली, की काही नावे पुन्हा काढली जातात. त्या टप्प्याला तिथे 'लॉप' म्हणत. वंशाचा विचार करण्याला 2023 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केल्यावर काही गोष्टी बदलल्या. मुख्य गोष्ट बदललेली नाही: समिती एक वर्ग घडवते. तिला व्हायोलावादक किती, शास्त्रीय भाषा शिकणारे किती, ग्रामीण भागातले किती, याची काळजी असते. नोव्हेंबरात नियमित फेरीचे अर्ज आलेलेच नसतात, म्हणून वर्गाचा अर्धा भाग अजून दिसत नसतो. एखादा अर्ज थांबवला जातो, याचे साधे कारण कित्येकदा हेच असते.

ही अर्ली फेरी काही निसर्गनियमाने आलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर केले. श्रीमंत घरांतल्या, नीट सल्ला मिळणाऱ्या मुलांनाच तिचा फायदा होतो, हे कारण त्यांनी दिले. 2011 मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. मधल्या वर्षांत तिथे अर्ज केलेल्या मुलांना डिफरल हा प्रकारच माहीत नव्हता. विद्यापीठाच्या वेळापत्रकातून जन्मलेल्या गोष्टीला मुलाच्या गुणवत्तेवरचा शेरा मानणे अन्यायाचे आहे.

इतर विद्यापीठांतली शक्यता मग तोलायची कशी? लोक दोन वाटांनी चुकतात. एक वाट वर सांगितली. दुसरी आकडेमोडीची आहे आणि ती हुशार वडिलांना हमखास भुलवते. दहा विद्यापीठे, प्रत्येकी आठ टक्के शक्यता. दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता 0.92 चा दहावा घात, म्हणजे 43 टक्के. म्हणून किमान एक प्रवेश मिळण्याची शक्यता 57 टक्के. गणित बरोबर आहे, गृहीतक चुकीचे. दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे त्यात धरले आहे. प्रत्यक्षात दहाही समित्या तोच निबंध, तीच शिफारसपत्रे, तेच गुण वाचतात. निबंध पोकळ असेल तर तो दहाही ठिकाणी पोकळच वाचला जाईल. उलट, वर्गाच्या गरजा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असल्यामुळे निर्णय पूर्णपणे बांधलेलेही नसतात. खरी शक्यता त्या 57 च्या बरीच खाली आणि 8 च्या वर कुठेतरी असते, आणि तिच्यावर विसंबून राहण्याइतकी ती पक्की नसते. एकाच प्रकारची दहा नावे म्हणजे मोठी यादी नव्हे, ती दहा वेळा लिहिलेली एकच इच्छा आहे.

'आठ टक्के' हा आकडा तरी कुणाचा? बहुतेक वेळा तो अख्ख्या विद्यापीठाचा असतो आणि आपल्या मुलाला लागू नसतो. आपल्यातली बरीच मुले संगणकशास्त्र मागतात. सिएटलचे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन किंवा अर्बाना-शॅम्पेनचे इलिनॉय या विद्यापीठांचा एकूण आकडा पाहिला तर ती आवाक्यातली वाटतात. तिथल्या संगणकशास्त्राच्या थेट प्रवेशाचा आकडा त्याच्या एका अंशाएवढा असतो. राज्याची सीमाही मोजावी लागते. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बाहेरच्या राज्यांतल्या मुलांवर 18 टक्क्यांची मर्यादा आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात दहातली नऊ मुले टेक्सासची असतात आणि राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या क्रमांकांना तिथे आपोआप प्रवेश मिळतो. ह्यूस्टनचे मराठी कुटुंब आणि न्यू जर्सीचे मराठी कुटुंब एकाच ऑस्टिनबद्दल बोलत नसते, आणि पुण्याचे कुटुंब तर तिसऱ्याच ऑस्टिनबद्दल बोलत असते.

याला खात्रीचा उपाय एकच: 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता वाचणे. बहुतेक विद्यापीठे तो दर वर्षी प्रसिद्ध करतात. त्याच्या 'सी' विभागात अर्ज आणि प्रवेश यांची संख्या असते, 'अर्ली डिसिजन'मधून, म्हणजे घेतले तर यायलाच हवे अशा बंधनकारक अर्ली फेरीतून, किती घेतले हे असते, प्रतीक्षा यादीतून किती घेतले हे असते. सी-7 या तक्त्यात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतो, हे विद्यापीठाने स्वतः लिहिलेले असते: शाळेतल्या विषयांची काठिण्यपातळी, गुण, निबंध, राज्याचे रहिवासी असणे, आणि अर्जदाराने दाखवलेली आस्थासुद्धा. तो तक्ता शांतपणे वाचलेली आई मंडळातल्या दहा जाणकारांपेक्षा नेमके बोलू शकते. त्यातले सॅटचे गुण मात्र सावधपणे वाचावेत. ज्या ठिकाणी गुण पाठवणे ऐच्छिक आहे तिथे कमी गुणांची मुले ते पाठवतच नाहीत, म्हणून छापलेला पट्टा खऱ्यापेक्षा वर सरकलेला असतो.

डिफरलने शक्यता बदलत नसेल, तर मग बदलते काय? माझ्या मते दोनच गोष्टी: राहिलेला वेळ आणि सुटलेले बंधन.

वेळेचा हिशेब कठोर आहे. बहुतेक खासगी विद्यापीठांची नियमित मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची मुदत तर नोव्हेंबरअखेरच उलटून गेलेली असते. बर्कली किंवा लॉस एंजेलिस हा डिसेंबरातला पर्यायच नाही. बे एरियातल्या घरांना हे पाठ असते, भारतातल्या घरांना पुष्कळदा उशिरा कळते. पिट्सबर्ग, पेन स्टेट, ॲरिझोना स्टेट यांसारखी काही विद्यापीठे अर्ज येतील तसे वाचतात. ज्याच्या यादीत अजून एकही खात्रीची आणि परवडणारी जागा नाही, त्याने त्या रात्री दुसरे काही करण्याआधी ती शोधावी. परवडणारी, हा शब्द मी विचारपूर्वक लिहितो आहे. खासगी विद्यापीठांचा पूर्ण खर्च आता वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर गेला आहे. भारतातून अर्ज करणाऱ्याने मदत मागितली तर ती मागणी निवडीच्या आड येत नाही, अशी ठिकाणे मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट, बोडन आणि आणखी काही. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठातही परदेशी अर्जदाराची मदतीची मागणी निवडीत विचारात घेतली जाते. अशा ठिकाणचे डिफरल गुणवत्तेइतकेच मदतनिधीच्या मर्यादेचेही असू शकते. ते मुलाने अंगाला लावून घेऊ नये, आणि बापानेही.

बंधनाचे म्हणायचे तर, 'अर्ली डिसिजन'ने अर्ज केलेला असेल आणि तो डिफर झाला, तर विद्यार्थी त्या करारातून मोकळा होतो. तिथेच 'अर्ली डिसिजन दोन' हा खरा पेच उभा राहतो. व्हँडरबिल्ट, टफ्ट्स, एमरी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, शिकागो अशा ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा बंधनकारक अर्ज करता येतो आणि फेब्रुवारीत उत्तर मिळते. एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर यांनी 2003 च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की अर्ली अर्जाचा लाभ सॅटच्या सुमारे शंभर गुणांइतका होता. तो अभ्यास जुना आहे आणि दुसऱ्या फेरीला जसाच्या तसा लावता येणार नाही. बांधून घेणाऱ्या अर्जाला वजन असते, एवढे मात्र त्यातून निश्चित कळते. पण किंमतही तशीच आहे. फेब्रुवारीत होकार आला, की पहिल्या विद्यापीठातला डिफर झालेला अर्ज मागे घ्यावा लागतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: मार्चअखेर पहिल्याने होकार दिला असता, हे नंतर कळले तर हळहळ वाटेल का? वाटणार असेल तर बांधून घेऊ नये. आणि अनेक ठिकाणच्या मदतीची रक्कम शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय ज्यांना निर्णय घेता येणार नाही, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आता डिफर झालेल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाला पाठवायच्या त्या पत्राबद्दल, ज्याला तिथे 'लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट' म्हणतात. याबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते लिहून उपयोग नाही. दुसरे म्हणते आठवड्याला एक लिहा, आमदारांपासून कंपनीच्या अध्यक्षांपर्यंत शिफारशी पाठवा. आधी विद्यापीठाने काय सांगितले आहे ते वाचावे. एमआयटी सगळी नवी माहिती फेब्रुवारीतल्या एका ठरावीक अर्जावर मागते. येल आपल्या पोर्टलवर पत्र चढवू देते. जिथे पत्र चालते तिथे एक पान पुरे, आणि त्यात अर्जानंतर घडलेले काहीतरी असावे: पूर्ण झालेला प्रकल्प, नवे गुण, हाती घेतलेले काम. ज्यात नवे काही नाही असे पत्र समितीचा वेळ घेते. "प्रवेश मिळाला तर मी नक्की येईन" हे वाक्य ज्याला ते खरे आहे त्यानेच लिहावे, आणि एकाच विद्यापीठाला लिहावे. तेच वचन तीन ठिकाणी देणे म्हणजे खोटे बोलणे आहे. मुलाला त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा अर्ज खोटेपणाने करायला शिकवणारे पालक मी समजू शकत नाही.

पत्रापेक्षाही वजनदार असतो शाळेकडून जाणारा सहामाही अहवाल. अमेरिकेतल्या मुलांचे पहिल्या सत्राचे गुण त्यात जातात. भारतातल्या मुलांचे बहुधा प्रिलिमचे गुण जातात, आणि इथे आपली मुले चुकतात. प्रिलिमला आपल्याकडे कुणी फार मानत नाही. "खरी परीक्षा फेब्रुवारीत" असे म्हणून ती ढकलली जाते. डिफर झालेल्या अर्जाच्या दृष्टीने मात्र समितीसमोर येणारा नवा पुरावा तोच असतो. फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत निवड होऊन गेलेली असते. जेईई आणि सीईटीची तयारीही याच महिन्यांत असते. या ताणात मुलाने कशाला अग्रक्रम द्यायचा, हे घरात एकदा बसून ठरवावे, रोज नव्याने नव्हे.

'सभ्य नकार' म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुलाला खोटी आशा लागू नये, असे त्यांना मनापासून वाटते. पण खोटी निराशा हीदेखील खोटीच, आणि तिचे परिणाम लवकर दिसतात. ज्या घरी हे पत्र आले आहे त्यांना माझी विनंती अशी: त्या विद्यापीठाचा अर्ज मनात 'बहुधा नाही' या खान्यात ठेवा, त्याला जे एक पत्र आणि जे गुण द्यायचे ते वेळेवर द्या, आणि उरलेल्या विद्यापीठांचा विचार डिफरलचे ते पत्र आलेच नव्हते असे समजून करा. त्यांच्यापैकी कुणालाही ते पत्र दिसलेले नाही. आणि काका, मामा, मावशी, आत्या या नात्याने जे आपण सगळे डिसेंबरात फोन करतो, त्यांनी पुढचा फोन एप्रिलमध्ये करावा. विद्यापीठाला होकार कळवायची सर्वसाधारण मुदत 1 मे असते.